मीटर फिरला पाहिजे

आमची चाळ पाडली, माणसं पांगली, मोबाइलवरचा ग्रुप तेवढा राहिला. त्या ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी काकांचा विषय काढतं. "आठवतात का रे? रिकाम्या खोलीत पंखा लावून बसायचे!" मग खाली ओळीने हसरे चेहरे येतात. कोणी लिहितं, "एक नंबरचा घरकोंबडा." मी काहीच लिहीत नाही. लिहायला घेतलं तर मला ग्रुपमधून काढून टाकतील. मला त्या हसणाऱ्यांचा राग येतो आणि, लपवायचं कशाला, काकांचाही येतो. इतकी वर्षं झाली तरी तो कमी झालेला नाही.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. लालबागला मसाल्याच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत आमची चाळ होती. पहिल्या मजल्यावर काका-काकी राहायचे, तिसऱ्यावर आम्ही. खाली मिरची कांडायला घेतली की तिन्ही मजले एकदम शिंकायचे. चाळीत तसे सगळेच काका, पण नुसतं 'काका' म्हटलं की तेच. उंच, किडकिडीत, शर्टाचं गळ्याशी असलेलं बटण कायम लावलेलं, आणि रस्त्याने जाताना मध्येच थांबून मागे वळून बघायची सवय. मागे काही नसायचं. असायची ती त्यांची खोली.

आमच्या सगळ्यांच्या खोल्या पागडीच्या. म्हणजे आजोबांच्या पिढीने गिरणीत राबून एकरकमी पागडी दिलेली, पुढे महिन्याला नावापुरतं भाडं. खोली आपली म्हणायची, पण मालकी घरमालकाची. आणि त्यात एक मेख होती. खोली सलग सहा महिने बंद आहे, तिथे कोणी राहत नाही, असं घरमालकाने कोर्टात दाखवलं की खोली हातची जायची. कायदा करणाऱ्याने काय विचार केला असेल ते त्याला ठाऊक. ज्याला पोटासाठी गाव सोडावं लागतं त्याचा विचार केला नव्हता, एवढं मी खात्रीने सांगते.

काकांच्या तरुणपणी त्यांच्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारे एक गृहस्थ राहायचे. गिरणी बंद पडली. हातात कसब होतं, म्हणून ते इचलकरंजीला मागावर काम करायला गेले. बायकामुलं सोबत नेली, खोलीला कुलूप लावलं. दुसरं काय करणार होते? घरमालकाचा माणूस महिन्यातून एकदा यायचा, त्या कुलपाचा फोटो काढायचा आणि जायचा. विजेची बिलं कोरी. गृहस्थ परत आले तेव्हा केस उभी होती, आणि ते हरले. ते आपली लोखंडी खाट न्यायला हातगाडी घेऊन आले, तेव्हा गाडीला दोरी बांधायला काका होते. त्या दिवसापासून काकांचं डोकं फिरलं असं चाळ म्हणते. डोकं काकांचं नव्हतं फिरलं. कामासाठी परगावी गेलेल्या माणसाचं घर काढून घेणाऱ्यांचं फिरलं होतं. पण त्यांना कोणी वेडं म्हणत नाही.

त्यानंतर काकांच्या खोलीला कुलूप लागलं नाही. हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. त्यांना मूल नव्हतं, घरात माणसं दोन, आणि त्यातलं एक माणूस नेहमी घरात. दोघं एकत्र कधीही, कुठेही गेली नाहीत. लग्नकार्याला नंबर लावलेले असायचे. एका लग्नाला काका, पुढच्याला काकी. गणपतीला गावी एका वर्षी ते, दुसऱ्या वर्षी ती. काकांचे वडील गावी वारले, तेव्हा काका एकटे धावले, सून इथे खोली राखत बसली. गावाने काय काय तोंडसुख घेतलं असेल! काकीची आई गेली, तेव्हा काकी एकटी एसटीत बसून रडत गेली. कोणाच्याही अल्बममध्ये बघा, काकी आहे तर काका नाहीत, काका आहेत तर काकी नाही. त्यांच्या लग्नाचा एक फोटो भिंतीवर होता, तेवढ्यात काय ती शेजारी शेजारी.

"काकी, तुम्हाला राग नाही येत?" मी एकदा विचारलं होतं. ती साड्यांना फॉल लावत बसली होती. हिंदमाताच्या दुकानांतून गठ्ठे यायचे तिच्याकडे, घरबसल्या काम. घरी बसायचंच होतं ना.

"राग येवन काय करू गो?" तिने दातांनी दोरा तोडला. "माका एकदा ह्येंच्यावांगडा लग्नाक जावचा आसा. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसान. बाकी काय नाय."

मागून मागायचं ते हे! पंगतीतली शेजारची जागा. मला तेव्हा काकांना गदागदा हलवावंसं वाटलं होतं.

काका तेव्हा माझगावला एका जहाजमालाच्या एजंटकडे होते. गोदीत माल उतरला की त्याची कागदपत्रं, कस्टमची धावपळ, सगळं ते बघायचे. कामाला पक्के. पुढे त्या कंपनीचा धंदा गुजरातेतल्या एका बंदरात गेला आणि तिथल्या ऑफिसचं प्रमुखपद काकांना देऊ केलं गेलं. काकांनी नाही म्हटलं. तेव्हा खुद्द त्यांचे साहेब चाळीत आले. मी कॉलेजात होते, जिन्यात पुस्तक घेऊन बसले होते, त्यामुळे सगळं ऐकलं. साहेब गॅलरीत रुमाल नाकाला लावून उभे, कारण खाली कांडप चालू होतं.

"अहो, इन्चार्ज म्हणून पाठवतोय तुम्हाला," साहेब शिंकांमधून म्हणाले. "कंपनीचा बंगला आहे. पुढे झाडं आहेत. इथे काय आहे?"

"खोली आहे, साहेब."

"खोली कुठे पळून जाणार आहे का?"

"जाते, साहेब," काका म्हणाले. "बंगला कंपनीचा. नोकरी गेली की बंगला गेला. मग मी परत कुठे येऊ? इथे येऊन बघतो तर दाराला दुसऱ्याचं कुलूप."

"तुम्हाला लाइफमध्ये पुढे जायचंच नाही, असं दिसतंय," साहेब म्हणाले आणि जिना उतरून गेले. उतरताना मी पाय बाजूला घेतले तेव्हा माझ्याकडे बघून खांदेही उडवले.

त्या साहेबांचा दादरला स्वतःचा ब्लॉक होता. त्याला कुलूप लावून ते उद्या जपानला गेले असते तरी कोणी फोटो काढायला येणार नव्हतं. असल्या माणसाने आमच्या गॅलरीत उभं राहून हिंमतीच्या गोष्टी सांगायच्या! मला अजून त्यांचा तो रुमाल दिसतो आणि तळपायाची आग मस्तकात जाते. पण काकांनी तरी काय केलं? घरात जाऊन चहा प्यायले, आणि बाजूला बसलेल्या काकीला एका शब्दाने विचारलं नाही. तिला जायचं होतं की नाही, कोण विचारतो? कित्येक वर्षांनी भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली होती, "फुडे झाडां आसत, असा सांगी होतो तो सायब." म्हणजे तिने ऐकलं होतं. आणि जपून ठेवलं होतं.

माझगावचं ऑफिस बंद झालं. मग काकांनी नोकऱ्या निवडायची एक अजब रीत काढली. पगार किती, काम काय, हे ते विचारायचेच नाहीत. चालत घरी येता येईल का, एवढंच विचारायचे. परळच्या एका छापखान्यात काही दिवस काढले, तो भिवंडीला गेला, यांनी सोडलं. एका डॉक्टरांकडे नंबर लावायला बसले, डॉक्टर ठाण्याला गेले, यांनी सोडलं. या शहरातली कामं एकेक करून बाहेर चालली होती आणि हा माणूस खोलीच्या भोवती दोरी बांधल्यासारखा फिरत होता. शेवटी काकीच्या फॉलच्या ओळखीने हिंदमाताला साडीच्या दुकानात लागले. माझ्या आईला साडी घ्यायची होती म्हणून आम्ही गेलो, तर गादीवर काका. गोदीत अख्ख्या जहाजाचा माल सोडवणारा माणूस मांडी घालून साड्या उलगडत होता. "ही बघा वहिनी, पदर बघा." दुकानदार त्यांना "ए मामा, वो पैठणीवाला गठ्ठा निकालो" असं ओरडून सांगत होता. मी साडीकडे बघितलंच नाही.

बाहेर पडताना मी म्हटलं, "काका, तुम्हाला हे बरं वाटतं?"

"दुपारी घरी जेवायला जातो," ते म्हणाले. "कुठल्या ऑफिसरला जमतं सांग."

नोकरीचं काय, ती मिळते, खोली मिळत नाही, असं ते नेहमी म्हणायचे. आणि दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य, "मीटर फिरला पाहिजे." कोर्टात माणसाच्या शब्दापेक्षा विजेच्या बिलाला जास्त किंमत असते, हे त्या इचलकरंजीच्या केसमधून ते शिकले होते. म्हणून त्यांच्याकडे भर दुपारी बल्ब चालू.

मग माझी पाळी आली. मी बँकेत अधिकारी म्हणून लागले आणि पहिलीच नेमणूक नागपूर. वडील आधीच गेलेले. आई होती तोवर खोलीचा प्रश्न नव्हता. पण पुढे आईचे गुडघे गेले, तिला तीन मजले चढवेनात, आणि तिला माझ्याकडे न्यायचं ठरलं. मी मुंबईला परत बदली मागायचा अर्ज करायच्या बेतात होते. खरंच होते. लालबागच्या मुलीच्या डोक्यात हेच भरलेलं असतं, खोली आधी, बाकी मग. काकांना कळलं तसे ते वर आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "चावी दे."

"कसली?"

"खोलीची. तू जा. तुझा मीटर मी फिरवतो."

"आणि तुम्ही का नाही गेलात तेव्हा?" माझा आवाज चढला. "मला जा म्हणताय, तुम्हाला एवढी मोठी जागा मिळत होती!"

"माझी खोली कोण बघणार होतं?"

"आम्ही होतो ना इथे! मी बघितली असती!"

"तू तर चाललीस," काका म्हणाले, आणि हात पुढे केला.

मी चावी दिली.

त्यांनी माझी खोली राखली ती अशी. दुकानातून आले की तिसरा मजला चढायचे. दिवा लावायचा, पंखा लावायचा, खिडकी उघडायची, खुर्चीत बसून पेपर वाचायचा. आणि रोज सकाळी माझा एक जुना टॉवेल ओला करून गॅलरीतल्या दोरीवर टाकायचा. टॉवेल कोणी वापरलेला नसायचा, नुसता भिजवलेला. बघणाऱ्याला वाटावं, इथे माणूस आंघोळ करून कामाला गेलंय. दिवाळीत माझ्या दारात कंदील, दसऱ्याला तोरण. फोनवर मला अहवाल द्यायचे, "आज तुझ्याकडे बसून अग्रलेख वाचला. वारा काय मस्त येतो गो तुमच्या मजल्यावर." नागपूर झालं, मग औरंगाबाद, तिथे माझं लग्न, मुलगी, मग परत नागपूर. मी शाखा सांभाळली, पुढे विभाग सांभाळला. लोक माझ्या जिद्दीचं कौतुक करतात. माझ्या प्रत्येक बढतीच्या मागे लालबागला काकांनी भिजवलेला टॉवेल वाळत होता, हे त्यांना माहीत नाही.

अखेर चाळीचा पुनर्विकास ठरला. बिल्डर आला, मीटिंगा झाल्या, पेढे झाले. मग नोटीस लागली. अमुक रविवारी सर्वेक्षण. ज्या खोलीत त्या दिवशी राहणारा माणूस हजर असेल, अंगठा देईल, तीच खोली यादीत. यादीत नाव म्हणजे नव्या इमारतीत मालकीचं घर. मालकीचं! पागडी नाही, घरमालक नाही, सहा महिने नाहीत. काकांनी लगेच मला फोन केला. "तू ये. काय वाट्टेल ते झालं तरी ये."

मी निघाले. गाडी कसाऱ्याच्या पुढे अडकली ती हलेना. मी फोनवर फोन करत होते. काकी तेव्हा सावंतवाडीला होती, भाचीच्या लग्नाला. नंबर तिचा होता. काका म्हणाले, "तू काळजी करू नको. मी वर जाऊन बसतो. येतेय म्हणून सांगतो, तू येईपर्यंत त्या सर्वेवाल्यांना हलू देत नाही."

सर्वेक्षणाला दोन टोळ्या आल्या. एक वरून सुरू झाली, एक खालून. काका माझ्या खोलीत बसले होते. वरच्या टोळीला त्यांनी बसवलं, पाणी दिलं, घरचे लाडू दिले, टॉवेल दाखवला, माझ्या आजोबांनी पागडी कशी दिली तिथपासून गोष्ट सांगितली. ती पोरं घड्याळं बघत होती. मी दादरला उतरून टॅक्सी करून धापा टाकत तिसरा मजला चढले, तेव्हा एक जण उठलाच होता. मी अंगठा दिला. माझी खोली लागली.

आणि तेवढ्यात खालच्या टोळीने पहिला मजला उरकला होता.

काका वर येताना दाराला कुलूप लावून आले होते. आयुष्यात एकदा! चाळभर अनोळखी माणसं फिरत होती, दलाल फिरत होते, खोली नुसती लोटून कशी सोडायची, असं त्यांना वाटलं. त्या कुलपाचा फोटो निघाला, दारावर चिठ्ठी चिकटली: 'खोली बंद आढळली.' आम्ही दोघं खाली आलो तर ती चिठ्ठी. काका चपला न घालता फाटकापर्यंत धावले. मी मागे.

"अहो, मी वर होतो!" ते खालच्या टोळीतल्या टॅबवाल्या पोराला म्हणाले. "वरच्या मजल्यावर होतो. इथंच होतो!"

"काका, डोअर लॉक होतं," तो शांतपणे म्हणाला. "एन्ट्री झाली. आता सिस्टिममध्ये गेलं. हरकत घ्या ना तुम्ही, ऑप्शन आहे."

म्हणजे बघा. मी, जी कित्येक वर्षं त्या खोलीत राहिले नव्हते, ती रहिवासी ठरले. आणि ज्याने खोलीपायी नोकरी सोडली, बापाच्या बाराव्याला बायकोला नेलं नाही, तो गैरहजर. काका परत चिठ्ठीसमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं आता हा माणूस कोसळणार. ते वळून मला म्हणाले, "तुझी लागली ना? मग झालं." मी त्या दारासमोर उभी राहून घसा बसेपर्यंत भांडले. टोळीशी, बिल्डरच्या माणसाशी, कमिटीशी. कमिटीतलेच आज ग्रुपवर हसरे चेहरे टाकतात.

हरकतीसाठी परळला जावं लागायचं. जिथे एकेकाळी गिरणीचं खातं होतं तिथे आता काचेची इमारत, आणि त्यात बिल्डरचं ऑफिस, इतकं गार की काका स्वेटर घालून जायचे. मी रजा काढून काढून जात होते. काकांनी आयुष्यभराची विजेची बिलं नेली, गॅसची पुस्तकं नेली. सगळ्या चाळीने सह्या दिल्या. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, डॉक्युमेंट्स ओके आहेत. फक्त एक लागेल. मिस्टर-मिसेसचा एकत्र फोटो, खोलीच्या दारासमोर. रिसेंट."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. असा फोटो जगात नव्हता.

तो मी काढला, माझ्या मोबाइलवर. काकीने हिंदमाताची नवी साडी नेसली, केसांत अबोलीचा गजरा घातला, आणि गॅलरीत येऊन उभी राहिली. काका दारात आले आणि तिथेच थांबले.

"या ना बाहेर," मी म्हटलं.

"दोघंही बाहेर?"

"हो."

"मग आत कोण?"

मला रडावं की त्यांच्या कानाखाली वाजवावी, कळेना. बोलली ती काकी. सगळा मजला ऐकत होता. "आत कोण नाय!" ती म्हणाली. "एक मिनिट आत कोण नसला तर काय जाता ता बघूया. येवा भायर."

काका आले, पण पुरते नाही. मी बटण दाबलं तेव्हा त्यांचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता. तोच फोटो दिला. तोच मंजूर झाला. पुरवणी यादीत त्यांचं नाव लागलं.

पुढे जे झालं ते कोणाला सांगून पटत नाही. चाळ रिकामी केली, बिल्डरने भाडं दिलं, काका-काकी डोंबिवलीला भाड्याच्या घरात गेली. मला धास्ती वाटत होती की हा माणूस तिथे झुरून जाणार. तर काकांनी तिथे पहिल्याच आठवड्यात दाराला कुलूप लावलं आणि काकीला घेऊन भाजी आणायला गेले. मग नाटकाला गेले. मग गणपतीला दोघं एकत्र गावी. मला फोटो यायला लागले, दोघं देवळासमोर, दोघं समुद्रावर, दोघं कुणाच्या तरी लग्नात पंगतीला, शेजारी शेजारी. काकीच्या पानात जिलेबी आणि चेहऱ्यावर काय आनंद! मी फोन केला, "काय काका, खोलीची काळजी नाही?"

"ही काय आपली आहे?" ते म्हणाले. "ज्याची आहे तो बघेल."

मला हायसं वाटलं आणि पाठोपाठ डोकं सणकलं. म्हणजे हे इतकं सोपं होतं. आपलं म्हणायचं काही नसलं की माणूस मोकळा. आणि अर्धवट आपलं असलेल्या त्या एका खोलीने दोन माणसांची सगळी उमेदीची वर्षं दाराशी बसवून ठेवली. सगळी चाळ बिल्डर उशीर करतो म्हणून बोटं मोडत होती. फक्त काकी कधी विचारायची नाही की इमारत कुठवर आली.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न ठरलं, नागपूरला. पहिला फोन मी काकांना केला. "दोघांनी यायचं. निमित्त चालणार नाही."

"अगो येणार म्हणजे काय!" काका म्हणाले. काकी मागून ओरडली, "कुठली साडी नेसू ता सांग!"

परवा त्यांचा फोन आला. इमारत पुरी झाली होती, त्यांच्या घराचा ताबा मिळाला होता. मी अभिनंदन केलं. ते जरा घुटमळले.

"लग्नाचं म्हणत होतो," काका म्हणाले. "आमच्यातलं एक जण नक्की येतंय. नंबर तिचा आहे, तर ती येईल."

मी पेटलेच. बदलीच्या वेळचं, त्या साहेबांच्या वेळचं, चिठ्ठीच्या वेळचं, सगळं साठलेलं बाहेर आलं. "काका, पुरे! घर तुमच्या नावावर आहे! आता पागडी नाही, घरमालक नाही, कोणी फोटो काढायला येणार नाही! कुलूप लावा आणि दोघं या. नाहीतर मला बोलावूच नका कधी तुमच्या त्या घरात!"



"खरंच गो?" काका म्हणाले. "सहा महिने कुलूप असलं तरी?"

"सहा वर्षं असलं तरी."

"घरमालक काही करणार नाही?"

"काका, घरमालक तुम्ही आहात."

"अच्छा," ते म्हणाले. मग म्हणाले, "मग आता त्या साहेबांना फोन करू काय? येतो म्हणून?"

आणि हसायला लागले. मागून काकीही हसली, आणि काहीतरी झाडांचं बोलली. दोघंही हसत होती. मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले, आणि शिव्या नक्की कोणाला द्यायच्या ते मला कळेना.